गोमाशिओ : अख्खे काळे तीळ की रगडलेले? आणि मीठ नेमकं किती?

भाताचं_पातेलं
नमस्कार मंडळी. चटण्या-मेटकुटाचे धागे इथे ढिगाने आहेत पण गोमाशिओवर एकही सापडला नाही म्हणून हा काढतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भाजलेले तीळ आणि मीठ, बास, तिसरी वस्तू नाही. जपानी लोक ते साध्या भातावर, पेजेसारख्या पातळ भातावर आणि मुख्य म्हणजे सेकिहानवर, म्हणजे सणासुदीच्या लाल भातावर भुरभुरतात. आम्ही चिबाला राहतो, घरात सगळे शाकाहारी, त्यामुळे फुरिकाकेची (भातावर भुरभुरायच्या तयार मसाल्याची) पाकिटं बहुतेक बादच (वाळवलेला मासा असतोच असतो) आणि गोमाशिओ मात्र रोज टेबलावर.

आता प्रश्न. दुकानातल्या पाकिटात काळे तीळ अख्खे असतात आणि मीठ जाडसर, पांढरं, वेगळं दिसणारं. शेजारच्या आजी मात्र तीळ सुरिबाचीत (आतून खाचा असलेल्या मातीच्या भांड्यात) रगडून करतात, ते मातकट रंगाचं, किंचित ओलसर, आणि डबी उघडली की अख्ख्या खोलीत वास. दोन्हीला गोमाशिओच म्हणतात. माझं ठाम मत रगडलेलंच खरं, कारण अख्खे तीळ दाताखालून निसटून जातात आणि मीठ पाकिटाच्या तळाला जाऊन बसतं. पण प्रमाणाचा काही मेळ लागत नाही, कुठे १०:१ लिहिलेलं, कुठे १८:१, आजींना विचारलं तर हाताने दाखवतात. आणि आईला हे पुण्यात करायचंय, तर आपले तीळ चालतील का, कुठले घ्यायचे? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज.

खादाड_खंडू
म्हणजे तिळाची चटणी, वजा लसूण, वजा मिरची. आमच्या कोल्हापुरात असली चटणी वाढली तर पाहुणे विचारतील घरात कोण आजारी आहे का :)

माहेर_कराड
खंडूभाऊ, चटणी आणि हे वेगळं हो. आपल्या तिळाच्या चटणीत तीळ अंगाला असतो, चव लसूण-मिरचीची. भाकरीवर तेल घालून खायची वस्तू ती. गोमाशिओत तिसरं काही नसल्याने तीळ जरा जरी कमी-जास्त भाजला गेला की लपायला जागा नाही. मी ओसाकात असताना एका ओळखीच्या काकूंकडे बघितलंय, त्या तीळ भाजताना फोन उचलत नसत, दार वाजलं तरी गॅस बंद करून मग जात.

हळदीकुंकू
पातेलंताई, तुमच्या ठाम मताला माझा ठाम विरोध. अख्खे काळे तीळ हे सेकिहानसाठीच आहेत. सेकिहान म्हणजे चिकट तांदूळ (मोचिगोमे) लाल कडधान्याच्या पाण्यात भिजवून वाफवलेला, त्यात मुळात मीठ जवळजवळ नसतंच. गुलाबी भातावर काळे ठिपके दिसायला हवेत आणि दाताखाली मिठाचा खडा कुठेतरी अचानक यायला हवा, सगळीकडे सारखा खारटपणा तिथे नकोच असतो. रगडलेलं घातलं तर तो भात मळकट दिसतो. रगडलेलं पेजेसाठी, ब्राऊन राईससाठी, उकडलेल्या भाज्यांवर. दोन्ही खरे, कामं वेगळी.

भाताचं_पातेलं
हा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण मग मीठ तळाला बसतं त्याचं काय? भात वाढताना वरच्याला नुसते तीळ आणि शेवटच्याला नुसतं मीठ.

हळदीकुंकू
त्याला घरगुती उपाय आहे. मिठाचं पाणी करायचं. ३ मोठे चमचे काळे तीळ मंद आचेवर कोरडे भाजा, १ लहान चमचा मीठ २ मोठे चमचे पाण्यात विरघळवून त्यावर ओता, आणि सतत हलवत राहा. आधी सगळं काळं चिखलासारखं होतं आणि वाटतं वाया गेलं, मग पाणी आटत आलं की तळाशी पांढरट कड दिसायला लागते आणि एका क्षणी तीळ सुटे होऊन पॅनमध्ये खळखळायला लागतात. तेव्हा प्रत्येक तिळावर मिठाची पांढरी साय चढलेली असते. गॅस बंद, ताटात पसरा, पूर्ण गार झाल्याशिवाय डबीत भरू नका. हे मीठ तळाला जात नाही कारण ते तिळालाच चिकटलेलं आहे.

खादाड_खंडू
हे भारी आहे. आमच्याकडे खारे शेंगदाणे असेच करतात, मिठाच्या पाण्यात घोळवून मग भट्टीला.

शेंगदाण्याचं_कूट
प्रमाणाचा घोळ का होतो ते सांगतो, कारण ह्यात बऱ्याच जणांची गफलत होते. जपानी स्वयंपाकाच्या मापात लहान चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा १५ मिली. लहान चमचाभर मीठ भरतं ६ ग्रॅम. लहान चमचाभर तीळ भरतात ३ ग्रॅम. म्हणजे मीठ तिळाच्या दुप्पट जड. आता "१०:१" हे चमच्याने मोजलं तर १० चमचे तीळ ३० ग्रॅम आणि १ चमचा मीठ ६ ग्रॅम, म्हणजे वजनाने ५:१ झालं. तेच १०:१ वजनाने घेतलं तर मीठ बरोबर निम्मं. आणि चमच्याने १८:१ म्हणजे वजनाने ९:१. त्यामुळे एक बाई १८ म्हणतेय आणि दुसरी ९ म्हणतेय तेव्हा दोघींची डबी कदाचित एकच चवीची असते. चमचा की वजन हे लिहिल्याशिवाय ह्या आकड्यांना अर्थ नाही.

वरच्या हळदीकुंकू यांच्या कृतीत २७ ग्रॅमला ६ ग्रॅम येतं, साधारण साडेचारास एक. खारट आहे, पण अळणी सेकिहानवर चिमूटभरच पडणार म्हणून चालतं. रोज ताटात घेणार असाल तर वजनाने १०:१ हून जास्त मीठ घालू नका असं माझं मत.

भाताचं_पातेलं
वा! हे कोणीच कुठे लिहिलेलं नव्हतं. स्वयंपाकघरातला काटा काढलाच आत्ता.

नाडीपरीक्षा
कूट यांचं गणित पुढे नेतो. वजनाने ५:१ असेल तर लहान चमचाभर गोमाशिओत साधारण अर्धा ग्रॅम मीठ गेलं, १०:१ असेल तर पाव ग्रॅमच्या थोडं वर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि जपानमध्ये सरासरी १० ग्रॅमच्या आसपास खाल्लं जातं (सोया सॉस, मिसो, लोणची). म्हणजे मीठदाणी उचलून ही डबी ठेवली तर मीठ खरंच कमी होतं, पण मिसो सूप आणि लोणचं तसंच ठेवून वरून ही घेतली तर वाढतं. बीपीवाल्यांनी "नॅचरल आहे" ह्या शब्दावर जाऊ नये. सोडियम ते सोडियमच.

दुसरं, तिळातल्या कॅल्शियमचे आकडे नेटवर फिरतात, १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅमच्या वर. ते सालीसकटच्या तिळाचे आहेत आणि सालीत ऑक्झलेट असतं जे त्यातलं बरंचसं कॅल्शियम धरून ठेवतं. शिवाय कोण १०० ग्रॅम खातंय? चवीसाठी खा, त्याला दुसरं कारण लागत नाही.

एक_मात्रा_कमी
नाडीपरीक्षा, आपल्याशी असहमत. मॅक्रोबायोटिक, म्हणजे मुख्यतः धान्यावर भर असलेल्या आहाराच्या पद्धतीत गोमाशिओला मसाला नाही, जवळपास औषध मानतात, मी स्वतः काही वर्षं तो आहार घेतलाय आणि पचनाला मला फार फायदा झाला. जेवणानंतर पोट जड वाटलं तर अर्धा चमचा नुसतं चावून खायचं. तीळ तेलकट आणि मीठ खारट, दोघांचा समतोल हेच त्यामागचं तत्त्व. जपानच्या बाहेर गोमाशिओ माहीत झालं ते ह्याच लोकांमुळे, जॉर्ज ओसावा (१८९३–१९६६) आणि नंतर मिचिओ कुशी. अमेरिकेत हेल्थ फूडच्या दुकानात बरणी मिळते त्याचं श्रेय त्यांनाच.

नाडीपरीक्षा
ओळख करून दिली हे मान्यच. तुम्हाला फायदा झाला ह्याचा आनंद आहे. पण ओसावांच्या आहाराच्या पायऱ्या होत्या, आणि सगळ्यात वरची "क्रमांक ७" म्हणजे जवळजवळ नुसतं धान्य, मुख्यतः ब्राऊन राईस, वर गोमाशिओ, आणि पाणीसुद्धा कमी. १९६५ मध्ये न्यू जर्सीत एक तरुण बाई असा आहार कित्येक महिने घेऊन वारली, त्यावर अमेरिकेत मोठं वादळ झालं. नंतरच्या लोकांनी, कुशींनी सुद्धा, आहार बराच मोकळा केला. म्हणून वाचणाऱ्या नवीन लोकांसाठी लिहितोय, भातावर गोमाशिओ उत्तम, पण फक्त भात आणि गोमाशिओ हे जेवण नाही. डाळ, भाजी, फळ हवंच.

एक_मात्रा_कमी
क्रमांक ७ मीही कोणाला सुचवणार नाही. त्याबाबत आपलं एकमत.

पेरूची_फोड
वादात पडत नाही, पण पेजेवरून आठवलं. फुकुईला एइहेइजी म्हणून झेन मठ आहे, दोगेन यांनी १२४४ मध्ये स्थापन केलेला, अजूनही चालू. तिथे भाविकांना एक रात्र राहता येतं, आम्ही राहिलो होतो. पहाटे उठवतात, प्रार्थना होते, आणि मग नाश्ता. नाश्ता म्हणजे पांढरी पातळ पेज, मुळ्याचं पिवळं लोणचं (ताकुआन) आणि गोमाशिओ. बास. भिक्षूंचा सकाळचा नाश्ता पिढ्यानपिढ्या हाच आहे. जेवताना बोलायचं नाही, भांड्याचा आवाज करायचा नाही, बसायचं पाय मुडपून.

पहिला घोट नुसत्या पेजेचा घेतला, काहीच चव नाही, गरम आणि गुळगुळीत. मग अर्धा चमचा गोमाशिओ मध्यभागी टाकलं. ते लगेच बुडत नाही, वर तरंगत राहतं, आणि हळूहळू त्याच्या भोवती तेलाची बारीक बारीक चकाकणारी वर्तुळं सुटतात. ढवळायचं नाही, कडेने खात खात मध्ये यायचं. प्रत्येक घासाला खारटपणा वेगळा. लहानपणी तापात मऊ भात, मेटकूट, तूप खाल्लेल्या माणसाला ह्याची ओळख करून द्यावी लागत नाही. माझ्या शेजारी नवरा बसला होता, तिखटाशिवाय ज्याचा घास उतरत नाही, त्याने वाडगा पुसून संपवला.

दोगेन यांनी १२३७ मध्ये मठाच्या आचाऱ्यासाठी सूचना लिहिल्यात, तांदूळ धुताना खडे कसे बघायचे इथपासून. आचारी हे तिथे मोठ्या मानाचं पद. त्यामुळे तीळ भाजणं हे तिथे हलकं काम नाही.

माहेर_कराड
पेरू, किती सुंदर लिहिलंस गं. मेटकुटाचं अगदी अगदी.

सानपाडा_लोकल
+१. जायचंच आता.

काळी_कपिला
एक वेगळीच शंका. माझ्या सासूबाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या काळे तीळ शुभकार्यात? आपल्याकडे काळे तीळ म्हणजे श्राद्ध, तर्पण, शनिवार. घरात वाढदिवसाला काळे तीळ भातावर टाकायचे म्हणजे त्यांना अंगावर काटा आला. आणि जपानमध्ये तर म्हणे वाढदिवस, परीक्षा पास, मुलांचं शिचि-गो-सान (तीन, पाच, सात वर्षांच्या मुलांचा सण), साठी, सगळ्याला सेकिहान आणि त्यावर काळे तीळच. मला स्वतःला काही वाटत नाही पण त्यांना काय सांगू?

हळदीकुंकू
सासूबाईंना सांगा की तिथे शुभ-अशुभ तिळात बघत नाहीत, भाताच्या रंगात बघतात. लाल भात शुभ. काही भागांत श्राद्धासारख्या प्रसंगी पांढरा चिकट भात काळे सोयाबीन घालून करतात, म्हणजे लाल रंग काढून टाकला की झाला तो दुःखाचा भात. आणि संक्रांतीला आपण काळी साडी नेसतोच की, तिथे काळा चालतो.

आणखी एक गंमत. लाल रंग बहुतेक ठिकाणी अझुकीचा (बारीक लाल कडधान्य), पण टोकियोच्या बाजूला पूर्वापार सासागे वापरतात. कारण अझुकी शिजताना मधोमध फुटते आणि सामुराईंच्या एदोत (जुन्या टोकियोत) पोट फाटलेला दाणा अशुभ (पोट चिरून घ्यायची शिक्षा असायची ना). सासागेची साल जाड, ती फुटत नाही. आणि सासागे म्हणजे कोण माहितीये? आपली चवळी, तिचाच लाल प्रकार. पुण्यात लाल चवळी मिळते, त्यामुळे पातेलंताईंच्या आईंना सेकिहानसुद्धा घरी करता येईल.

काळी_कपिला
चवळी! हे सांगितलं तर त्या स्वतः करायला घेतील.

ओनिगिरी_ओंकार
होक्काइडोत राहून आलोय, तिथली तऱ्हा सांगतो. तिथे सेकिहान गोड. अझुकीऐवजी साखरेत मुरवलेले दाणे (अमानात्तो) घालतात, भाताला गुलाबी खायचा रंग, आणि त्यावर तरीही गोमाशिओ! पहिल्यांदा खाल्लं तेव्हा डोकं चक्रावलं, नंतर इतकं आवडलं की टोकियोला आल्यावर साधं सेकिहान फिकं वाटायला लागलं. गोड दाण्याच्या शेजारी खारट तीळ, पुरणपोळीबरोबर कटाची आमटी लागते तसं काहीतरी.

आणि शिकोकूवर तोकुशिमा भागात तर मीठ काढून साखर, म्हणजे तीळ आणि साखर सेकिहानवर. लहानपणापासून तेच खाल्लेल्या तिथल्या माणसाला मीठवालं विचित्र वाटतं.

खादाड_खंडू
तीळ आणि साखर? मग सरळ तिळगूळच वाटा की, गोड बोलतील लोकं :)

निशिकासाई_नाका
शाकाहारींसाठी सूचना. कोंबिनीत (दिवसरात्र उघड्या छोट्या दुकानात) सेकिहान ओनिगिरी (भाताचा मुटका) मिळते, त्यावर गोमाशिओ असतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा प्रवासात तोच आधार असतो. पण मागचं लेबल वाचा. कधी कधी भातात माशाचा अर्क (कात्सुओ एकिसु) असतो, ब्रँडप्रमाणे बदलतं. पाकीटबंद गोमाशिओत मात्र तीळ आणि मीठच असतं, फार तर एखाद्यात चव वाढवणारं अजिनोमोटोसारखं काही.

उरणची_खाडी
तिळावर इतकं झालं, मिठावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या उरण-पेणकडे मिठागरं होती, अजून थोडी आहेत, त्यामुळे मीठ म्हटलं की राहवत नाही.

जपानमध्ये मीठ हा १९०५ पासून १९९७ पर्यंत सरकारी मक्तेदारीचा माल होता. पाऊस जास्त आणि ऊन कमी, त्यामुळे आपल्यासारखं नुसतं वाफ्यात पाणी सोडून वाळवणं त्यांना जमत नाही, आधी दाट खारं पाणी करायचं आणि मग उकळायचं. १९७१ मध्ये सरकारने किनाऱ्यावरची मिठागरं जवळजवळ सगळी बंद करून कारखान्यात पडद्यातून वीज सोडून मीठ काढायला सुरुवात केली. ते मीठ अगदी शुद्ध, जवळपास निव्वळ सोडियम क्लोराईड. लोकांना ते आवडलं नाही, तुरट-कडवट गोडी गेली म्हणाले, चळवळ झाली, आणि त्यातून १९७३ मध्ये एहिमेत हाकाता मीठ निघालं. त्यासाठी बाहेरून, मेक्सिको-ऑस्ट्रेलियातून, उन्हात वाळवलेलं मीठ आणून जपानच्या समुद्राच्या पाण्यात विरघळवून परत काढतात. मक्तेदारीत बसायचं तर हाच मार्ग होता. नोतो द्वीपकल्पावर सुझु इथे मात्र जुनी आगेहामा पद्धत टिकली, माणूस समुद्राचं पाणी आणून वाळूवर हाताने फेकतो, वाळू वाळवतो, मग ती धुवून खारं पाणी उकळतो. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात त्या भागाचं फार नुकसान झालं, जमीनच वर उचलली गेली, किनारा लांब गेला. तिथलं मीठ कुठे दिसलं तर जरूर घ्या.

ह्याचा गोमाशिओशी संबंध असा. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराईड राहतं, ते हवेतलं पाणी ओढतं. म्हणून आधी मीठ कढईत कोरडं भाजून घ्यायचं, हातातून वाळूसारखं सुटं पडेपर्यंत. ही पायरी गाळली तर पुण्या-मुंबईत जुलैत डबीत लगदा होईल. आणि एक, भारतात रोजचं मीठ आयोडीनवालं ठेवा. जपानी माणूस समुद्री शेवाळ खातो, त्याला आयोडीन तिथून मिळतं, आपल्याला नाही.

रगडा
उरणकर, जबरदस्त माहिती. तिळाच्या निमित्ताने एक इतिहासातलं. अठराव्या शतकात एदोच्या सरकारात कानो हारुहिदे नावाचा महसुलाचा मोठा अधिकारी होता, त्याच्या नावावर एक कुप्रसिद्ध वाक्य आहे की तीळ आणि शेतकरी सारखेच, जितके पिळाल तितकं निघतं. शाळेच्या पुस्तकात मुलं अजून शिकतात. तिळात वजनाच्या निम्मं तेल असतं, त्यामुळे तिळाबाबत खरं आहे. शेतकऱ्याबाबत त्याने काय केलं असेल ते ह्या वाक्यावरून कळतं.

सानपाडा_लोकल
बापरे. आपले जुने खोत-सावकारही असंच बोलत असतील, फक्त लिहून ठेवलं नाही.

रगडा
आणि गंमत बघा, आज जपान जवळजवळ सगळे तीळ बाहेरून आणतो, नायजेरिया, टांझानिया, बुर्किना फासो, म्यानमार वगैरे. देशातले तीळ नावापुरते, त्यातले बरेचसे दक्षिणेकडच्या किकाइजिमा बेटावरचे. तिथे उन्हाळ्याच्या शेवटी रस्त्याच्या कडेला तिळाच्या पेंढ्या उभ्या करून वाळवतात. तिळाचं मूळ पीक आपल्याच उपखंडातलं, हडप्पाला जळके तीळ सापडलेत.

भाताचं_पातेलं
धागा कुठल्या कुठे गेला आणि मला फार आनंद होतोय, पण आईचा फोन येऊन गेला, "तुझ्या लोकांनी सांगितलं का तीळ कुठले आणायचे?" तर तेवढं सांगा हो.

माहेर_कराड
सांगते. रगडायचं असेल तर बिनपॉलिशचे तीळ, गावरान, फिकट तपकिरी. पॉलिशचे पांढरेशुभ्र घेऊ नका, साल गेलेली असते, वास निम्मा होतो आणि रगडलं की लगेच लोणी सुटतं. सेकिहानसाठी काळे, पण पूजासाहित्याच्या दुकानातली पुडी नको, ते खाण्यासाठी निवडलेले नसतात, माती-कचरा फार. किराणा दुकानातूनच घ्यायचे आणि एक दाणा नखाने मोडून बघायचा, काळा फक्त सालीला, आतून पांढरट असतो. आणि कारळे नव्हेत हं! माझ्या मैत्रिणीला वाण्याने काळे तीळ म्हणून कारळे बांधून दिले होते. कारळे लांबुडके, चकचकीत, चव कडवट. तीळ चपटा, थेंबाच्या आकाराचा.

तीळ बारीक गाळणीत धुवा, निथळा, फडक्यावर पसरा आणि मग भाजा. ओलसर तीळ सावकाश भाजले जातात, आतपर्यंत.

हळदीकुंकू
काळे तीळ भाजताना रंग कळत नाही, म्हणून मूठभर काळ्यात चिमूटभर पांढरे टाकायचे. पांढरे बदामी झाले की काळेही झाले. दुसरी खूण, दाणा अंगठा आणि करंगळीत दाबला तर सहज चुरडला पाहिजे. करंगळीच, कारण तिच्यात जोर नसतो. तडतडायला लागले, दोन-तीन उडाले की गॅस बंद करून लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, कढई गरम असते, त्यात ठेवले तर करपतात आणि करपलेल्या तिळाचा कडवटपणा कशानेच जात नाही.

सानपाडा_लोकल
आणि सुरिबाची नसेल तर? मिक्सर?

रगडा
मिक्सर शक्यतो नकोच. पात्याने तीळ कापले जातात, गरम होतात, तेल सुटून गोळा होतो. अगदीच तर थांबत थांबत, एकेक झटका. सुरिबाची म्हणजे आतून बारीक खाचा असलेलं मातीचं भांडं, खाचा बिनग्लेझच्या, आणि लाकडी बत्ता, सुरिकोगी, चांगला असेल तर सान्शोच्या लाकडाचा. कुटायचं नाही, बत्ता वरून एका हाताने धरायचा, दुसऱ्या हाताने गोल फिरवायचा, वजन द्यायचं नाही. आधी भाजलेलं मीठ बारीक करायचं, मग त्यात गरमगरम तीळ. दहातले सात-आठ दाणे फुटले आणि दोन-तीन अख्खे राहिले की थांबायचं. फुटलेल्या तिळाचं तेल मिठाच्या कणाला लागतं, म्हणून मीठ जिभेला टोचत नाही, तिळाबरोबर येतं. पातेलंताईंना जी आजींची डबी आवडते ती ह्यामुळे.

पुण्यात पाटा-वरवंटा असेल तर हलक्या हाताने फिरवा. खलबत्त्यात कुटण्यापेक्षा बत्ता कडेने गोल रगडा. जमतं.

शेंगदाण्याचं_कूट
आईंसाठी वजनात लिहून देतो. १०० ग्रॅम बिनपॉलिश तीळ, ८ ते १० ग्रॅम मीठ. बीपी असेल तर ६. त्याहून कमी केलं तर नुसतं तिळाचं कूट लागेल. शक्यतो ५० ग्रॅमचाच घाणा करा, फुटलेल्या तिळाचं तेल हवा लागून खवट होतं. घट्ट झाकणाची काचेची बरणी, फ्रीजमध्ये, दोन-तीन आठवड्यांत संपवा.

भाताचं_पातेलं
सगळं जसंच्या तसं आईला पाठवलं. तिचं उत्तर, "पाटा माळ्यावर आहे, तुझ्या बाबांना काढायला सांगते." रगडलेलंच खरं हे माझं मत मी मागे घेत नाही पण सेकिहानपुरती हळदीकुंकू यांना सूट :) ह्या शनिवारी मिठाच्या पाण्याची कृती करते.

ओनिगिरी_ओंकार
गोड सेकिहानवर करून बघा, हट्टाने सांगतोय.

काळी_कपिला
जाता जाता एक, लेकीच्या डब्यात भातावर हे दिलं तर चालेल का? ती इथे अमेरिकेत शाळेत जाते. घरी तीळ खाते, काही त्रास नाही.

नाडीपरीक्षा
तिला चालेल, पण शाळेला आधी विचारा. तिळाची ॲलर्जी काही मुलांना तीव्र असते आणि गोमाशिओचे तीळ सुटे असल्याने टेबलावर, शेजारच्या डब्यात सांडतात. अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने तीळ हा नववा मुख्य ॲलर्जन धरला गेला आणि १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर लिहिणं सक्तीचं आहे. वर्गात कोणाला त्रास असेल तर शाळा सांगेल. नसेल तर भातात आधीच कालवून मुटके करून द्या, सांडत नाहीत.

काळी_कपिला
उद्याच शिक्षिकेला मेल करते. मुटके करून द्यायची आयडिया छान आहे.